बकरीच्या खोलीतले भाडेकरू

निशात गिनीपिगांचं खोकं ओट्यावर ठेवून नागपूरच्या बसमध्ये बसली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आणि सव्वाआठला तिच्या आईनं, सलीमानं, हुकूम काढला.

"जुम्यापर्यंत. जुम्याच्या आत यायच्या घराचं पाहा, नाई तं शनिवारच्या पहिल्या बसनं हे चारही उंदीर नागपूरले वापस."

"उंदीर नाई ते," बाबूभाई म्हणाले. "गिनीपिग हायेत. निशात सांगून गेली ना."

"शेपटी नाई म्हनून जात बदलते का?" सलीमानं विचारलं, आणि ती भांडी घासायला मोरीवर गेली.

खोक्यातून चार तोंडं वर बघत होती. एक काळं, एक पांढरं, एक लालसर आणि एक तिन्ही रंगांचं. निशातनं त्यांची नावं रानातल्या मालावरून ठेवली होती: तेंदू, चारोळी, मोहा आणि टोरी. ती नागपूरला जनावरांच्या दवाखान्याची पदविका करत होती. मैत्रिणीनं सोडून दिलेली ही चौकडी तिनं आपल्या खोलीत आणून ठेवली, आणि एक दिवस घरमालकानं खिडकीतून डोकावलं तर त्याला चार भाडेकरू जास्त दिसले. परीक्षा पंधरा दिवसांवर. दुसरी खोली शोधायची की अभ्यास करायचा, असं रडत तिनं बापाला फोन केला तेव्हा बाबूभाई छाती पुढे काढून बोलून गेले होते, "तू परीक्षेचं पाह्य. घराचं माझ्यावर सोड. लोखंडात जनम गेला माझा."

ते खोटं नव्हतं. मूल गावाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मोहटोल्यात बाबूभाईंचं वेल्डिंगचं दुकान तीस वर्षांपासून होतं. होळीपासून मृगापर्यंत कूलर, त्यानंतर फाटकं आणि खिडक्यांचे गज. पण गजाची खिडकी कोणीही करतं. बाबूभाईंचं नाव झालं होतं ते बिबट्याच्या पिंजऱ्यांमुळे. वनविभागाला त्यांनी आजवर तीन पिंजरे करून दिले होते, आणि तिन्ही पिंजऱ्यांचं दार एकदा पडलं की पुन्हा आतून उघडलं नव्हतं. चौथाही केला होता, पण तो घरामागच्या अंगणातच पडून होता. त्याची गोष्ट पुढे येतेच.

निशातनं जाताना एक कागद दुकानाच्या भिंतीवर चिकटवला होता. घर उंच नको, पसरट हवं, निदान एका खाटेएवढं. खाली जाळी नको, पाय कापतात, सपाट फळी हवी. लपायला दोन खोपटी हवीत आणि प्रत्येक खोपट्याला दोन दारं, म्हणजे एकीनं वाट अडवली तर दुसरी अडकत नाही. ऊन नको. मांजर नको. चौघींना वेगळं करायचं नाही. शेवटची ओळ लाल शाईत होती: "अब्बा, फोटो काढल्याशिवाय ठरवायचं नाही."

बाबूभाईंनी कागद दोनदा वाचला. तीस वर्षांत इतक्या अटी घालणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं.

सोमवारी शेजारचा लटारू एक डालगं घेऊन आला. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. लटारूची धानाची शेती होती, आणि मे महिन्यात धान नसल्यामुळे त्याला सगळ्यांच्या घरचं बघायला वेळ होता.

"हे घ्या," तो म्हणाला. "माह्या बारा कोंबड्या वाढल्या यात. हे चार काय चीज हाय! खातेत का पन यायले?"

"कोन?"

"मानसं."

"नाई खात."

"मंग अंडे देतेत का?"

"नाई."

लटारूनं डोकं खाजवलं. "मंग तं घर लवकरच पाहा बापा," तो म्हणाला. "कामाच्या जनावरले कोनी पन ठेवते."

डालग्याखाली चौघी दहा मिनिटं शांत बसल्या. अकराव्या मिनिटाला गल्लीतला बोका येऊन डालग्यावर बसला आणि फटीतून आत पंजा घालून बघू लागला. चौघींनी अशा शिट्ट्या मारल्या की दुकानात बाबूभाईंच्या हातातली वेल्डिंगची कांडी गळून पडली. फोटो पाहून निशातनं विचारलं, "अब्बा, यात जमीन कुठी हाय?" डालगं परत गेलं.

मंगळवारी बाबूभाईंनी डोकं चालवलं. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला मोठा कूलर त्यांनी अंगणात काढला, पंखा आणि मोटर बाहेर ठेवली, टाकीवर फळी बसवली. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वरून पत्रा, आत गारवा. चंद्रपूर जिल्ह्यात माणसालासुद्धा यापेक्षा चांगलं घर कोण देणार, असं त्यांना मनापासून वाटलं. ते दुकानात जाऊन एक फाटक जोडून परत आले तेव्हा घराला एक बाजू उरली नव्हती. चौघींनी पूर्वेकडची ताटी खाऊन टाकली होती आणि त्या दक्षिणेकडे वळल्या होत्या.

"मेहमान आले तं त्यायले काय सांगू?" सलीमानं विचारलं. "कूलर खाल्ला म्हनून?"

"वाळा चांगला असते म्हने पोटाले."

"आज मंगळवार हाय," सलीमा म्हणाली. "बुध, जुमेरात, जुमा. मोजून घ्या."

बुधवारी सकाळी बाबूभाई अंगणात हातपाय गाळून बसले होते. परीक्षेच्या तोंडावर पोरगी पुन्हा जनावरं काखेत घेऊन नागपूरच्या गल्ल्या हिंडते आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. बापानं शब्द दिला होता, आणि तीन दिवसांत बापाला एक खोली जमली नव्हती. अशा वेळी माणूस समोर जे असेल त्याकडे बघत बसतो. समोर चौथा पिंजरा होता.

दोन वर्षांपूर्वी बाबूभाईंनी तो जीव ओतून केला होता, आणि त्या वेळच्या साहेबांनी येऊन पाहून म्हटलं होतं, "याला चाकं नाहीत." आता चाकांचे पिंजरे घ्यायचे म्हणे. तेव्हापासून पिंजरा अंगणात होता. दोडक्याचा वेल त्याच्यावर चढला होता, आणि सलीमा उरलेल्या भागावर कपडे वाळत घालायची. बाबूभाई त्याच्याकडे शक्यतो बघायचे नाहीत. बघितलं की त्या दिवशी जेवण जायचं नाही.

बिबट्याच्या पिंजऱ्याला दोन खोल्या असतात. मोठी खोली बिबट्याची: तिच्या तळाला एक हलती फळी, फळीवर पाय पडला की वरचा आकडा सुटतो आणि दार धाडकन खाली येतं. मागची छोटी खोली बकरीची. बकरीचा वास बिबट्याला बोलावतो, पण मधल्या गजांमुळे त्याचा पंजा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बकरीला स्वतःचं छोटं दार असतं, खाली लाकडाची सपाट फळी असते.

बाबूभाई ताडकन उठले. पसरट, फळीची जमीन, वर पत्रा. जिथं बिबट्याचा पंजा पोहोचत नाही तिथं बोक्याची काय बिशाद!

दुपारपर्यंत बकरीच्या खोलीला बारीक जाळी लागली, लटारूकडचं तनस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलं गेलं, ऊन अडवायला पिंजऱ्याच्या सगळ्या बाजूंनी पोती लटकली. मोठ्या खोलीचं दार चुकून पडायला नको म्हणून बाबूभाईंनी ते वरच्या वर तारेनं आवळून ठेवलं. फोटो पाहून निशात फोनवर किंचाळली, "अब्बा! महाल हाय हा! फक्त खोपटे राहिले."

"ते उद्या करतो," बाबूभाई म्हणाले. सलीमाकडे बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"माझे कपडे कुठी वाळू घालू मंग?" सलीमा एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती चंद्रपूरला गेली. तिची बहीण फरहत हिची सून दवाखान्यातून घरी आली होती, तिला बघून संध्याकाळी परत यायचं होतं. जाण्याआधी सलीमानं कपडे धुतले, ते वाळत घालायला दोरी नव्हती म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि जिथं तार दिसली तिथून ती सोडून घेतली. बाई कामाची होती. तार फुकट गुंडाळून ठेवलेली तिला बघवायची नाही.

दुपारी एकच्या सुमारास बाबूभाई कोथिंबिरीची जुडी घेऊन अंगणात आले. बकरीचं दार बकरीच्या मापाचं होतं आणि बाबूभाईंचं पोट बाबूभाईंच्या मापाचं होतं, म्हणून ते मोठ्या खोलीतून गेले. गजांपाशी बसून जाळीतून एकेक काडी द्यायची, असा त्यांचा बेत होता. दोन पावलं गेले, तिसरं फळीवर पडलं, आणि मागे असा आवाज झाला की दोडक्याच्या वेलावरच्या चिमण्या उडाल्या.

बाबूभाई वळले. दार बंद होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, खांदा लावून पाहिला, मग लाथ मारली. दार हललं नाही. ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे की हे दार आतून उघडणारा अजून जन्मला नाही. फोन दुकानात चार्जिंगला होता.

कोथिंबिरीचा वास आला आणि जुडी पुढे येईना, म्हणून चौघींनी शिट्ट्या सुरू केल्या. मागच्या रस्त्यानं गुणाबाई मोहफुलांचं टोपलं घेऊन चालली होती. तिला दिसलं ते एवढंच: बिबट्याचा पिंजरा, सगळीकडून पोती आणि वेल, दार पडलेलं, आणि आतून कसलं तरी भयंकर ओरडणं. मोहटोल्यात पडलेल्या दाराचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

"कोन हाय? गुणाबाई का?" आतून बाबूभाईंचा आवाज आला. "बाई, मी आतमधी हाव!"

गुणाबाईनं टोपलं तिथंच टाकलं. "धावा रे! बिबट पडला पिंजऱ्यात! अन् बाबूभाई बी हाय आत!"

दहा मिनिटांत निम्मा मोहटोला जमला. कोणी भिंतीवर, कोणी चिंचेवर, कोणी छपरावर. लटारू काठी घेऊन स्वतःच्या घराच्या छतावरून सूचना देऊ लागला.

"बाबूभाई, हालू नका! त्याच्या डोळ्यात पाहू नका!"

"अरे लटारू, बिबट नाई इथी!"

"असंच म्हना! असंच म्हना, पन हळू म्हना. त्याले राग येऊ देऊ नका."

"अबे, नाईच ना बिबट! इथी मी हाव अन् ह्या चार..."

"चार!" चिंचेवरून कोणीतरी ओरडलं. गर्दी एकदम दहा पावलं मागे सरली. "मादी हाय रे! पिलं हायेत संग!"

बाबूभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ते जितकं समजावू लागले तितकं लोकांना वाटू लागलं की माणूस भीतीनं भ्रमिष्ट झाला. काही बायका रडू लागल्या. लटारूनं वनविभागाला फोन लावला आणि तेवढ्यात एकानं मूलच्या आपल्या साल्यालाही कळवलं, कारण अशी बातमी पोटात ठेवणं कोणालाच जमत नाही.

जीप यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत बाबूभाईंना दुसरं काहीच काम नव्हतं, म्हणून ते आपण बांधलेल्या घरात राहिले. तीस वर्षांत त्यांनी शेकडो वस्तू केल्या होत्या, पण एखादीच्या आत बसून बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. दोन वाजता त्यांना कळलं की पत्र्याखाली वारा फिरत नाही. पश्चिमेकडचं ऊन पोत्यांना जुमानत नाही, हे कळायला तीन वाजले. चौघी फळीवर पसरल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. बाहेर कोणी किंचाळलं की लपायला जागा नसल्यामुळे चारही जणी धावत गजांपाशी यायच्या आणि बाबूभाईंच्या मांडीला जमेल तेवढं चिकटून बसायच्या. टोरी तर थरथरत होती.

बाबूभाईंना वाईट वाटलं. फोटोत महाल दिसला होता, आणि ते मिशी कुरवाळत बसले होते. "माफ कर बापा," ते जाळीतून बोट घालून टोरीला म्हणाले. "खोपटे कालच करायले पाह्यजे होते."

खांद्यावरचा गमछा त्यांनी जाळीवरून सोडला. चौघी त्या सावलीत घुसल्या आणि गप्प झाल्या. बाहेर शांतता पसरली.

"संपलं," लटारू छतावरून हळूच म्हणाला, आणि त्यानं टोपी काढली.

त्याच वेळी जीप आली. जाळी, काठ्या, बेशुद्धीची बंदूक असं सगळं घेऊन पाच जण उतरले. त्यांच्या पुढे नव्या आलेल्या रेंज ऑफिसर मयुरी मॅडम होत्या. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, पिंजऱ्याला दबकत वळसा घातला आणि लांब काठीनं पोतं वर उचललं.

आत घामानं निथळलेले बाबूभाई मांडी घालून बसले होते. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"सलाम जी," ते म्हणाले.

मॅडमनी काठी तशीच धरून ठेवली. "बिबट्या कुठं आहे?"

"तेच सांगून राह्यलो मी दुपारपासून. दाराच्या खटक्याची किल्ली दुकानात खिळ्याले टांगली हाय. दोन मानसं अन् एक सब्बल लागन."

पहार घालून दार उचलायला तीन माणसं लागली. दोघांचे हात खरचटले. बाबूभाई बाहेर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि लटारूनं टोपी पुन्हा घातली. मॅडम मात्र माणसाकडे बघतच नव्हत्या. त्यांनी माणसांकडून दार पुन्हा वर करवलं, फळीवर काठी टेकवली, दार पडलं. पुन्हा केलं. गज ओढून पाहिले.

"हा पिंजरा आमच्याकडे का नाही?"

"चाकं नाईत जी याले."

"चाकांचं काय घेऊन बसलात? ट्रॅक्टरवर टाकू. आमच्याकडचे दोन दुरुस्तीला आहेत. उद्या घेऊन जाते."

बाबूभाईंचा ऊर भरून आला. दोन वर्षं हेच वाक्य ऐकायला ते अंगणाकडे पाठ करून जेवत होते. "न्या ना जी," हे शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात गमछ्याखालून टोरीनं नाक बाहेर काढलं. उद्या जुमा होता.

"मॅडम, पंधरा दिवसांत नवा बनवून देतो," बाबूभाई म्हणाले. "चाकांसकट. हा... याचं घरी विचारून सांगावं लागन."

"घरी काय विचारायचं? मी उद्या फोन करते," मॅडम म्हणाल्या. आपला फोन दाराच्या किल्लीसारखाच नेहमी दुकानात राहतो हे आठवून बाबूभाईंनी सलीमाचा नंबर दिला.

सलीमा संध्याकाळी आली ती रडतच. मूलच्या स्टँडवर कंडक्टरनं तिला सांगितलं होतं की मोहटोल्याच्या बाबूभाईला चार बिबट्यांनी पिंजऱ्यात कोंडलं. फाटकातून ती धावत आली, नवऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून पुढून-मागून पाहिलं आणि तो अख्खा आहे अशी खात्री झाल्यावर तिनं तोंड सोडलं.

"अक्कल हाय का नाई? जनावरापायी जीव द्याले निंगालं मानूस! दार बांधून ठेवता येत नाई? कशानं बांधलं होतं?"

 बाबूभाईंची नजर फक्त चिंचेपासून भिंतीपर्यंत गेली. तिथं त्यांची तार ताणून बांधलेली होती, आणि तिच्यावर त्यांचाच सदरा वाळत होता. सलीमानंही तिकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि चहा टाकला. चहात साखर दुप्पट होती.

त्या संध्याकाळी बाबूभाईंनी लाकडाची दोन खोपटी केली, प्रत्येकाला दोन दारं. पाहुण्यांच्या कूलरला नव्या ताट्या लावल्या, मोटर बसवली आणि तो पश्चिमेकडे, चौघींच्या दातांपासून हातभर लांब उभा केला. सलीमा ओसरीवरून बघत होती. ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि बाबूभाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

शुक्रवारी ऊन सेहेचाळीस अंशांवर गेलं. नमाज पढून बाबूभाई घराकडे वळले ते तोंडात काहीतरी उत्तर जुळवतच. मॅडमचा फोन येणार, पिंजरा जाणार, आणि शनिवारची पहिली बस सहा वाजता सुटते.

मागच्या अंगणात त्यांना कूलरचा आवाज ऐकू आला. पिंजऱ्याला लागून सलीमाची खाट टाकलेली होती, कारण एवढ्या उन्हात अख्ख्या घरात गार जागा तेवढी एकच होती. खाटेवर बसून ती कोथिंबीर निवडत होती. पानं ताटात, देठ जाळीतून आत. पिंजऱ्याचं दार वर बांधलेलं होतं, तीच तार, आणि तिला निदान सात गाठी होत्या. कपडे भिंतीवर वाळत होते.

खाटेवरचा फोन वाजला. बाबूभाई कोपऱ्यावरच थांबले.

"हो जी, मीच बोलून राह्यली, त्यायची घरवाली," सलीमा म्हणाली. "नाई जी मॅडम, पिंजरा नाई भेटत. नवा बनवून देतेत ते, आजपासूनच लागतेत कामाले... हा? नाई, हा रिकामा नाई ना. आमच्या घरचे लोक राहतेत यात."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सलीमानं एक देठ टोरीच्या तोंडात दिला.

"किती म्हंजे? चार हायेत जी," ती म्हणाली. "कधीमधी पाच."